काळी बाजू पुढे

सासूबाईंच्या वाढदिवसाला जावईबापूंनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांचे फोन काढून घेतले. पिठाचा रिकामा डबा घरभर फिरवला, एकेकाला फोन आत टाकायला लावला आणि वर घट्ट झाकण लावलं.

"फोनवरचा फोटो हा फोटो नसतो, पुरावा असतो," ते म्हणाले. "आज फोटो निघेल तो सिनेमाच्या रिळावर. त्यावर माणसाची कातडी माणसाची दिसते."

आता कातडीचं कौतुक तिथे होतं कुणाला? सासूबाईंना हवा होता एकच फोटो, दोन्ही मुलगे दोन बाजूंना असलेला. ते दोघे एका शिडीपायी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्याची शिडी धाकट्याने नेली आणि परत आली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली होती. धाकटा म्हणे, आधीच मोडकी होती. झालं, संपलं. एवढ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवेनात, याला काय म्हणावं? आईने डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा कुठे दोघे फक्त फोटोपुरते यायला तयार झाले. असा तो फोटो, आणि तो काढायचा मान या गृहस्थांनी ओढून घेतलेला.

सिनेमाचं रीळ मोठ्या चकतीवर गुंडाळलेलं, लांबच्या लांब येतं. त्याचा तुकडा कापून कॅमेऱ्याच्या लहानशा डबीत भरायचा आणि तोही ठार अंधारात. त्यासाठी जावईबापू आदल्या दिवशी बाथरूममध्ये शिरले होते. दाराच्या फटीला टॉवेल लावून ते बोटांनी चाचपत कुठली बाजू पुढची ते ठरवत होते, तोच बायकोने दार ठोकलं.

"अहो, बाहेर या. कपडे भिजवायचेत मला."

"जरा उजेड आत आला तर रीळ मेलं. कळतंय का तुला काही?"

"मला कपड्यांचं कळतंय."

त्या संतापात हातातलं टोक सुटलं. जावईबापूंनी ते फरशीवर शोधून उचललं, भराभर डबीत गुंडाळलं आणि बाहेर येऊन दिवसभर बायकोशी अबोला धरला.

कॅमेरा त्यांच्या आजोबांच्या वयाचा. वाढदिवसाच्या दिवशी ते डबी त्यात बसवून बाहेर राहिलेलं रिळाचं टोक अडकवत होते तेव्हा धाकटा शेजारी उभा होता.

"भावोजी, ही काळी बाजू पुढे असते का?"

"सिनेमाचं रीळ आहे. काळंच असतं ते." जावईबापूंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो पुन्हा विचारायच्या फंदात पडला नाही.

मग सासूबाई मध्ये बसल्या आणि मुलगे दोन बाजूंना उभे राहिले.

"त्याला सांगा, जरा आत सरक," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

"यांना सांगा, मी आतच आहे," धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला.

जावईबापूंनी उजेड मोजला, पुन्हा मोजला, सगळ्यांना श्वास रोखायला लावला. असं करत अख्खं रीळ संपवलं. हसून हसून सासूबाईंचे गाल दुखले. काम झाल्याबरोबर दोघे भाऊ डब्यातून आपापला फोन काढून, एक पुढच्या दाराने आणि एक मागच्या दाराने निघून गेले.

स्टुडिओवाल्याने रीळ बघितलं आणि तसंच परत सरकवलं. "याच्या पाठीला काजळीसारखा थर असतो. तो आमच्या मशीनमध्ये सुटला तर सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो बरबाद होतील. न्या परत."

"या गावात कलेची कदर नाही," असं त्याला सुनावून जावईबापू घरी आले. पुन्हा बाथरूममध्ये अंधार करून, सोड्याच्या पाण्यात थर काढून त्यांनी रीळ कपड्यांच्याच बादलीशेजारी बसून फोटोच्या रसायनात धुतलं, आणि उजेडात धरून पाहिलं. कोरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरं.

आधी दोष सोड्याचा ठरला, मग स्टुडिओवाल्याचा. पण रिळाच्या काठावर कारखान्यात छापलेले आकडे स्वच्छ उमटले होते, म्हणजे धुलाई चोख होती. मग त्यांना धाकट्याचा प्रश्न आठवला. तो काजळीचा थर रिळाच्या पाठीला असतो. रीळ उलटं भरल्यामुळे काळी पाठच भिंगासमोर आली होती, आणि उजेडाचा कणही आत गेला नव्हता.

"तू दार ठोकलंस म्हणून झालं हे," ते बायकोला म्हणाले.

"मी दार ठोकलं, रीळ नाही उलटवलं. आईला आता तुम्हीच सांगा. दादाला आणि धाकट्याला मी बोलावून घेते."

दोघे आईच्या घरी आले. सासूबाईंना मध्ये घालून एकाच सोफ्यावर बसले आणि समोर उभ्या जावईबापूंची हजेरी घेऊ लागले.

"एकही फोटो नाही?" थोरला गरजला. "आईचा आयुष्यात एक हट्ट, तोही मातीत घातला तुम्ही."

"मी विचारलं होतं, दादा," धाकटा तावातावाने म्हणाला. "काळी बाजू पुढे असते का म्हणून तोंडावर विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

"काळंच असतं म्हणाले."

"बघ. आणि वर आपले फोन डब्यात कोंडले."

"पिठाच्या डब्यात, दादा. माझ्या फोनमध्ये अजून पीठ आहे."

"माझ्याही आहे रे."

सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातातल्या कपातला चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. लेकीने हळूच फोन वर धरला.

"तिथून नको. उजेड मागून येतोय, चेहरे काळे पडतील," जावईबापूंना राहवलं नाही.

"तुम्ही गप्प बसा हो," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, आणि नेमका तोच फोटो निघाला.

जावईबापू रागारागाने चपला घालू लागले. तीन माणसं, त्यांच्या मागे खिडकी, आणि उजेडाची ही हेळसांड. सासूबाई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आल्या आणि कॅमेऱ्याच्या पिशवीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या वर्षीही कॅमेरा घेऊन या हं. रीळ मात्र असंच भरा."