विमच्या बोटीत खिडकीची जागा

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माझी बायको नीलिमा गेली म्हणून सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडून एक पोरगा म्हणाला, "काका, पार्सल आहे, घरी आहात ना?" मी म्हणालो, "घरी कोणी नाही. शेजारी द्या." अशा वेळी माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही. मला पार्सल शेजारी द्यायचं सुचलं.

शेजारचे मनोहर ते पार्सल घेऊन आले ते थेट दहाव्याला. दिवसांचं सामान असेल म्हणून त्यांनीच ते गुरुजींसमोर उघडलं. आतून दोन शर्ट निघाले. भडक निळे, त्यांवर ताटाएवढी लाल फुलं आणि मधूनमधून पोपट. गुरुजींनी एकदा शर्टांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंत्रांचा वेग वाढवला.

शर्ट नीलिमाने मागवले होते. एक माझा, एक तिचा. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आमची मुलगी भार्गवी आम्हाला हवाई बेटांवर पाठवणार होती. नीलिमाचा बेत साधा होता. समुद्राकाठी बसून जेवायचं, मग बोटीत खिडकीची जागा धरायची आणि बेटं बघायची. आणि सारख्या शर्टातला दोघांचा एक फोटो. "अहो, जन्मभर तुमच्या खाकी शर्टाशेजारी उभी राहिले," ती म्हणायची, "एक तरी फोटो फुलांचा काढू."

हवाई रद्द झालं. वर्षश्राद्ध झाल्यावर भार्गवी मला नेदरलँड्समध्ये, तिच्या घरी हार्लेमला घेऊन आली. तिथे मी बरेच दिवस खिडकीत बसून लोकांच्या सायकली बघितल्या. शेवटी जावई राजस तिला म्हणाला, "बाबांना आता सगळ्या सायकली ओळखायला लागल्या आहेत. काहीतरी कर." भार्गवीने माझं तिकीट काढलं. नदीतून बोटीची सफर आणि बोटीतच जेवण.

"मी धक्क्यावर सोडते, परत न्यायलाही येते. मध्ये मला ऑफिसचा कॉल आहे," ती म्हणाली. "नीट योग्य बोटीत बसाल ना?"

हा प्रश्न मला! मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. उभी नोकरी स्वारगेटला माइकसमोर काढली. सोलापूरच्या गाडीत चढणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला मी नुसत्या आवाजाने खाली उतरवलेलं आहे. तो मी चुकीच्या बोटीत बसेन?

मी माझा फुलांचा शर्ट घातला. नीलिमाचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला होता तसाच बरोबर घेतला. का घेतला ते भार्गवीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

धक्क्यावर दोन बोटी होत्या. भार्गवीने "ती" म्हणून हात केला आणि सायकलवर टांग मारून गेली. एका बोटीत राखाडी रेनकोट घातलेली माणसं गंभीर चेहऱ्याने बसली होती. दुसरीत झाडून सगळे फुलांच्या शर्टात! आजोबा, आज्या, पोरंटोरं, सगळ्यांच्या अंगावर फुलं आणि पोपट. मी स्वतःच्या पोटावरच्या पोपटाकडे पाहिलं. आता यात नियंत्रकाला विचार तो काय करायचा?

बोटीच्या तोंडाशी माझ्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होत्या. मी समजलो, या मॅनेजर. मी त्यांचा हात जोरात हलवला आणि माझ्या इंग्रजीत म्हणालो, "काय सुंदर दिवस आहे. व्यवस्था एकदम छान. पुढच्या वर्षी पुन्हा येईन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, बिचारीचं कौतुक कोणी करत नसेल.

आत जाऊन मी सवयीप्रमाणे आधी खिडकीच्या खुर्चीवर नीलिमाचा शर्ट टाकला. एसटीत रुमाल टाकतात तसा. मग शेजारी मी बसलो. एक तरुण मुलगी कॉफी घेऊन आली. शर्टाकडे पाहून ती थबकली. मग तिने एक कप माझ्यापुढे ठेवला आणि एक शर्टापुढे. डच माणूस कॉफीबरोबर एकच बिस्किट देतो, दुसरं मागितलं तर डबा बंद करतो, असं राजसने मला बजावलं होतं. इथे शर्टाला स्वतंत्र बिस्किट मिळालं. थोड्या वेळाने एका आजोबांनी येऊन शर्टावर एक फूल ठेवलं आणि मान लववून गेले. या लोकांना जागा धरण्याबद्दल एवढा आदर असेल असं मला वाटलं नव्हतं.

कॉफी कडू होती. समोरच्या टेबलावर फुलांच्या मध्ये निळ्या नक्षीचं झाकणाचं भांडं होतं. साखर असणार म्हणून मी हात लांब केला. शेजारच्या गृहस्थांनी हळूच माझा हात धरला, थोपटला आणि खिशातून साखरेची पुडी काढून दिली.

बोट सुटली आणि फोन वाजला. भार्गवी.

"बाबा, कुठे आहात? बोटवाले म्हणतायत तुम्ही आलाच नाहीत."

"मी बोटीतच आहे. बोट चालू आहे."

"कुठल्या बोटीत? कोणाची टूर आहे ती? विचारा कोणाला तरी."

मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "विमची."

"विमची आहे म्हणतात."

"विम कोण?"

"गाइड असेल. अजून आलेला नाही."

"बोट सुटली आणि गाइड आलेला नाही?"

"इथे पण आपल्यासारखंच आहे गं."

तेवढ्यात माइक फिरायला लागला, म्हणून मी फोन ठेवला. आपल्याकडे सहलीत पहिल्या दिवशी प्रत्येकाला उठून नाव, गाव सांगावं लागतं. इथेही तेच चाललं होतं. एकेक जण उठून डचमध्ये काही बोलायचा, मध्येच "विम, विम" म्हणायचा, बाकीचे हसायचे. एक बाई रडल्या. त्यांना घरची आठवण आली असेल, असं मी धरलं.

माइक माझ्याकडे आला. वर्षभरात मी धड चार वाक्यं सलग बोललो नव्हतो, पण हातात माइक आला की माझं पूर्वीपासून वेगळंच होतं.

"नमस्कार. मी जयप्रकाश, पुण्याचा," मी माझ्या इंग्रजीत म्हणालो. "ही खिडकीची जागा माझ्या बायकोची आहे. ती गेली. जाताना मला काही सांगून गेली नाही. एरवी दूध आणायला जातानाही चार सूचना देऊन जायची. तिला बोटीत बसायचं होतं. म्हणून जागा धरली आहे."

बोटीत इतकी शांतता झाली की मला वाटलं माइक बंद पडला. मग म्हटलं, वातावरण जरा हलकं करावं. मी माझा स्वारगेटचा आवाज काढला.

"गाइड विम! गाइड विम! जिथे असाल तिथून ताबडतोब हजर व्हा. प्रवासी तुमची वाट बघत आहेत!"

आधी मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी बोट हसायला लागली. हसता हसता माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी माइक खाली ठेवला. एवढा प्रतिसाद मला आषाढी-दिवाळीच्या गर्दीतसुद्धा कधी मिळाला नव्हता.

मघाच्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी माझं कोपर धरून मला टेबलापाशी नेलं आणि त्या निळ्या भांड्यावर हात ठेवला.

"विम इथे आहे," त्या म्हणाल्या. "माझा नवरा."

मी साखरेची पुडी अजून मुठीत धरली होती.

बाईंचं नाव मरायके. विम उन्हाळाभर असलेच शर्ट घालायचा, म्हणून सगळे तसे आले होते. मी हात जोडून शंभरदा माफी मागितली, म्हणालो, उतरतो. त्या म्हणाल्या, "नदीत?" मग म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही त्याच्या पोहण्याच्या क्लबातले. क्लबातल्यांना वाटलं तुम्ही आमचे शेजारी. बसा. टोस्टी गार होईल."

जेवायला टोस्टी हवाई होती. म्हणजे भाजलेल्या पावात हॅम, चीज आणि अननस. विमची आवडती. मरायकेंनी माझ्यासाठी हॅम काढायला लावलं. "तो हवाईला कधीच गेला नाही," त्या म्हणाल्या. "बेल्जियमच्या पुढे त्याचं पोट बिघडायचं."

त्यांनी बसायला जागा बघितली. खिडकीची खुर्ची रिकामी होती, नुसता शर्ट होता. मी उचलणार होतो. हात पुढे केलाही. पण त्या वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून बसल्या.

नदी रुंद झाली तिथे बोट थांबली. मरायकेंनी ते भांडं पाण्यात रिकामं केलं. मी उभा राहून नमस्कार केला. नीलिमाच्या वेळी माझ्या हातांनी सगळं केलं, पण मी तिथे नव्हतोच. विमच्या वेळी मी होतो.

मरायकेंनी शर्टाकडे पाहून विचारलं, "तिचा शर्टही सोडायचा आहे का पाण्यात?"

"छे, छे! त्याची अजून घडी मोडलेली नाही."

आता घडी मोडणं म्हणजे काय ते सांगणं आलं. मी म्हणालो, "नवा कपडा कोणीतरी पहिल्यांदा घालावा लागतो. तोवर तो कपाटाचा असतो."

"मग कोण घालणार?"

मी टोस्टी खात राहिलो.

धक्क्यावर भार्गवी लालबुंद होऊन उभी होती. मी सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही अनोळखी माणसाच्या दिवसांना जेवून आलात?"

"त्यांनी आग्रह केला."

"आणि मेलेल्या माणसाला माइकवरून हजर व्हा म्हणालात?"

"गाइड समजून."

ती सायकलच्या सीटवर डोकं टेकून हसली. वर बघितलं तेव्हा रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आईच्या शर्टाची घडी मी मोडू? फोटो काढू आपला, इथेच."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "थंडी आहे," मी म्हणालो. जून महिना होता.

मी पिशवी धरली आणि ती सायकल ढकलत माझ्याबरोबर चालली.

मरायकेंचा परवा निरोप आला. पुढच्या वर्षी विमच्या दिवशी पुन्हा बोट आहे, तुम्ही येतो म्हणाला होतात. नियंत्रकाने एकदा माइकशिवाय जरी घोषणा केली तरी ती पाळावी लागते.

हवाईला जायचं राहिलं आहे. फोटो काढायचा राहिला आहे. शर्टाची घडी अजून मोडलेली नाही.