महिपतीच्या खाचरातले जहाज

चांगला समुद्र हवा असेल, तर तो समुद्रापासून दूरच शोधावा लागतो, हे चित्रपटविद्येचे पहिले तत्त्व होय. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटी असते, आणि तो दिग्दर्शकाचे ऐकत नाही. म्हणून १९३५च्या चैत्रात दर्यामोती सिनेटोन कंपनीने आपला चाचेपट लोणावळ्याला आणला, आणि तलावाकाठच्या महिपतीच्या भातखाचरात जहाज उभे केले.

जहाज अर्धेच होते. कॅमेऱ्याला दिसणाऱ्या बाजूला तोफा होत्या. न दिसणाऱ्या बाजूला टेकू होते आणि महिपतीची बायको सरुबाई तिथे गोवऱ्या थापी. (काटकसरीच्या दृष्टीने ही व्यवस्था आदर्श होती.)

आठ दिवसांचे काम, असे दिग्दर्शक हौशीराम यांनी महिपतीला सांगितले होते. महिपतीला घाई नव्हती. मृगाच्या आत राब भाजला म्हणजे झाले. शेण, पाला, गवत, वर माती असे थर जमिनीवर रचून भाजायचे आणि त्या राखेत भात पेरायचे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर भात नाही. एवढे साधे गणित होते.

चाचे बावीस लागले. ते आसपासच्या वाड्यांतूनच घेतले. त्यांपैकी समुद्र पाहिलेले शून्य, पोहता येणारा एक. तो नवशा, आणि त्याला पाण्याचा प्रसंगच नव्हता. पण मुहूर्ताला हौशीरामांनी जहाजाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला, तिथे घोटाळा झाला. पुजलेल्या वस्तूवर पायताणासकट चढायचे कसे? दरोड्याच्या प्रत्येक दृश्यात बावीस क्रूर चाचे बूट काढून ओळीने लावीत, फळीला हात लावून कपाळाला नेत आणि मग कत्तल करीत. हे सुधारायला सात आठवडे लागले. रोहिणी निघाल्या. शेजाऱ्यांचे राब भाजून झाले. महिपतीच्या राबाच्या जागी जहाज उभे होते.

तो रोज हौशीरामांपुढे जाऊन उभा राही. शेवटी त्यांनी सांगितले, की आता एकच दृश्य उरले आहे : जहाज जळते.

"तुम्ही लोक दरवर्षी रान भाजता. तुमच्याइतकं जाणतं कोण? तुम्हीच पेटवा."

"समदं जळाया पायजे का, सायेब? पार जमिनीपातुर?"

"राखच उरली पाहिजे."

"मग तुमी निवांत जेवून या."

कंपनी जेवायला गेली. महिपतीने बावीस चाच्यांना हाताशी धरून आधी टेकू काढले आणि जहाज अलगद आडवे केले. उभा राब कोणी भाजत नाही. त्यावर गोवऱ्या, पाला, गवत सारखे पसरले, वरून चाळलेली माती टाकली आणि वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावला. काम नमुनेदार झाले.

हौशीराम परतले तेव्हा शिडाचा पत्ता नव्हता. खाचरातून संथ, जाड, पांढरा धूर निघत होता.

"महिपती, ज्वाळा कुठं आहेत?"

"जाळ निगाला की राब वाया जातो, सायेब," महिपतीने समजावले. "जरा म्हून निगू दिला न्हाई. लय जपलंय."

जळायला दुसरे जहाज नव्हते. कॅमेरा संध्याकाळपर्यंत धूर टिपत राहिला. मृगाला चार दिवस होते. राख आंबेमोहराच्या रोपाला पुरून उरली, आणि सरुबाईला पायलीभर खिळे मिळाले.

दिवाळीनंतर चित्रपट लागला. चाच्यांना गिळणारे ते गूढ सागरी धुके परदेशी चित्रपटांनाही साधलेले नाही, असे वर्तमानपत्रांनी छापले. हौशीरामांनी महिपतीला पुण्याला नेऊन खेळ दाखवला. धुके आले, थिएटर टाळ्यांनी दणाणले. महिपती तेवढा मान हलवीत पुटपुटला, "डाव्या कोपऱ्याला कच्चं ऱ्हायलंय."

पडद्यावर काय जळते आहे, हे हौशीराम सोडता आठशे प्रेक्षकांत त्या एकालाच कळले होते. बाकीच्या सातशे नव्व्याण्णवांत आपणही होतात. टाळ्या वाजवून आपण घरी गेलात, नव्या आंबेमोहराचा भात दोनदा मागून घेतलात, आणि जेवताना सगळा वेळ धुक्याबद्दल बोललात.