एका शोधावर एक फुकट

माझ्यापासून काही लपवायचं असेल ना, तर त्या माणसाने जन्मालाच येऊ नये! वर्गातल्या निम्म्या मुलींच्या होणाऱ्या वहिन्या मीच तपासून दिल्यात. मग स्वतःच्या होणाऱ्या बाबांना कशी सोडेन?

होणारे बाबा म्हणजे काका. दातांच्या कवळ्या बनवतात. उद्या त्यांचं आईशी रजिस्टर लग्न! माणूस इतका मवाळ, की दारही असं वाजवतो जणू दाराला दुखेल. इतकं चांगलं कुणी असतं का? नक्कीच काहीतरी काळंबेरं!

इंटरनेटवर एक कंपनी कुणाचाही कच्चा चिठ्ठा काढून देते. कोर्टकचेऱ्या, राहती घरं, सगळं! काकांचं नाव टाकलं तर त्या नावाची पलटणच निघाली. मग मी डोकं चालवलं, पत्ता टाकला! लग्नाच्या कागदांवर काकांनी आमचाच पत्ता दिला होता. अहवालात माणसाचं नाव उघडायला जादा पैसे मागत होते. नाव कशाला? ते तर मला माहीत होतं!

अहवाल वाचला आणि मी ताडकन उठले. सापडलं!

रात्री जेवताना मी मोबाइल टेबलावर आपटला. "आई, हे लग्न होणार नाही! यांनी दारू पिऊन गाडी चालवली, एका म्हाताऱ्याला चिरडलं आणि पळून गेले! तुरुंगात होते, तुरुंगात!"

आईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. काकांनी अहवाल वाचला. वरचा पत्ता पाहिला. मग आईकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मीच तो."

"बघ! कबूल झाले!"

काकांनी पिशवी उचलली. "मुलीला माझी भीती वाटत असेल, तर जातो मी."

आजीने चमचा ठेवला. "अरे मेल्या, तू कुठली गाडी चालवणार? सायकलवरून उतरताना तुला दोघांनी धरावं लागतं!"

"आजी, ते स्वतः सांगतायत ना!"

"राहू द्या हो," काका आजीला म्हणाले. अगदी हळू.

मी अहवाल पुन्हा पाहिला. अपघात झाला तेव्हा मी बालवाडीत होते. काकांची तर ओळखही नव्हती. तेव्हा या पत्त्यावर पुरुष एकच. माझे बाबा. जे नंतर जहाजावर नोकरीला गेले आणि घटस्फोटाचे कागदही म्हणे तिकडूनच पाठवले. त्या जहाजावर मी निबंध लिहिलाय. पहिला नंबर आलाय!

"आई, बाबांचं जहाज..."

"जहाज नव्हतंच गं, राणी."

"मग ते सुटणार कधी?"

आईने ताट बाजूला सारलं. "सुटले. वर्ष उलटून गेलं."

घरासमोरच बसचा थांबा आहे आमच्या. वर्षभरात किती बस थांबल्या असतील!

"पिशवी ठेव आणि बस," आजी काकांवर खेकसली. "उद्या लवकर उठायचंय."

काका माझ्या शेजारी बसले. माझी गार झालेली भाजी गुपचूप गरम करून आणली. मी एकदाही वर पाहिलं नाही.

त्या कंपनीकडे एका शोधावर एक शोध फुकट होता. तो अजून तसाच शिल्लक आहे. बाबा आता कुठे राहतात, मिनिटभरात कळेल. नावही माहीत आहे, जादा पैसेही लागणार नाहीत.

घाबरले? मी? छे! परीक्षा जवळ आलीय, एवढंच!