दुपट्ट्याखालचा ऑक्सिजन

राठोड सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असतो, आणि दिसेल त्या वस्तूवर ते तिचं रासायनिक सूत्र लिहून ठेवतात. घाटंजीतल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या टाक्यांवर H₂O आहे, पानठेल्यावरच्या चुन्याच्या डब्यावर Ca(OH)₂ आहे. एका सकाळी माझ्या खताच्या दुकानाच्या शटरवर Fe₂O₃ दिसलं. मला वाटलं, अतिक्रमणवाल्यांनी पाडायची खूण केली. मी तडक नगरपरिषदेत जाऊन तिथल्या बाबूशी भांडलो, त्याच्या टेबलावर मूठ आपटली. परत आलो तर सर शटरपाशी उभे.

"गंज आहे तो, किसना. लोखंड अन् ऑक्सिजन. शटरले रंग मार."

लग्नात लोक अक्षता टाकतात, सर नवरानवरीला म्हणतात, "आतापर्यंत मूलद्रव्य होते, आता संयुग झाले. आता सोप्यानं वेगळं होता येत नाही." माणूस असा. पण माझा त्यांच्यावर जुना राग होता, आणि राग मी उधारीवर सोडत नाही.

शाळेत हेच सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. माझा बाप बैलबाजारातला दलाल, मीही शनिवार-रविवार त्याच्यासोबत. सरांनी फळ्यावर पाण्याचं सूत्र लिहिलं तेव्हा मी विचारलं, "सर, हायड्रोजन दोन कायले? एकात जमवा ना." वर्ग हसला, सरांनी मला बाहेर उभं केलं. सूत्रांचा धडा आत झाला, मी बाहेर. दहावीला विज्ञानात नापास झालो तो झालोच. पुढं बैलांच्या दलालीतून स्वतःचं दुकान उभं केलं, कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. आणि आता कृषी खात्याचे लोक सांगतात, खताचा परवाना टिकवायचा तर एक कोर्स करा, आणि कोर्सला दहावी पास पाहिजे. म्हणजे सरांनी तेव्हा मला वर्गाबाहेर काढलं, आता दुकानाबाहेर काढणार होते.

मी त्यांच्या ओसरीवर गेलो आणि म्हटलं, "तुमीच बिघडवलं, तुमीच शिकवा."

"बस," एवढंच म्हणाले.

पण डोक्यात काही शिरेना. Al₂O₃ आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "हे दोन अन् तीन कुठून आणता? मनानं लिहून राह्यले काय?" आणि पुस्तक अंगणात भिरकावलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव असाच ठरतो: कापडाखाली बोटं दाबून, चारचौघांना न दिसता.

"मी अ‍ॅल्युमिनियम. माझे तीन बोटं. तू ऑक्सिजन, तुझे दोन. धर."

मी त्यांची दोन बोटं धरली.

"झाला सौदा?"

"कसा होईन? तुमचं एक बोट मोकळं आहे."

"मंग?"

"आणखी एक ऑक्सिजन आणा." लगेच माझंच मला खटकलं. "नाही, थांबा. आता त्याचं एक बोट मोकळं राह्यते."

दुपट्ट्याखाली मी बोटं मोजत राहिलो. बाजारात कमावलेली अक्कल जागी झाली. "तुमचे दोन गडी, माझे तीन. इकडं सहा बोटं, तिकडं सहा. कोणी ठकलं नाही."

"हेच तर सूत्र आहे, भिया," सर म्हणाले. त्यांच्या बंजारा बोलीत भिया म्हणजे भाऊ.

मग पाणी मी स्वतःच सोडवलं. ऑक्सिजनची दोन बोटं, हायड्रोजनचं एकच. एका हायड्रोजनात तो सौदा जगात कोणालाच जमला नसता, मला तर नाहीच. मी सरांना म्हटलं, "हे त्याच दिवशी सांगतलं असतं तर?"

"त्या दिवशी मले दुपट्टा सुचला नाही," सर म्हणाले.

परीक्षेत पोरांमध्ये मी एकटा मिशीवाला. सूत्रांचा प्रश्न आला आणि माझे हात आपोआप दुपट्ट्याखाली गेले. पर्यवेक्षक धावत आले. "काका, काय लपवून राह्यले?"

"सौदा करून राह्यलो."

त्यांनी दुपट्टा झटकला. काहीच पडलं नाही. मी त्यांच्यासमोर एकामागून एक सूत्रं लिहिली आणि मान वर करून पाहिलं. बैल विकून बापाला कधी एवढी मजा आली नसेल.

पास झालो. नुसता काठावर नाही, चांगला झालो. कोर्सला नाव घातलं, परवाना टिकला. गल्लीभर पेढे वाटले, बाबूलाही एक दिला, आणि शेवटी सरांच्या ओसरीवर गेलो.

सरांनी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. मांडीवर अकरावीचं रसायनशास्त्र.

"सर, मले दहावीच पाह्यजे होती. काम झालं."

"हो, हो. मी असंच आणलं." त्यांनी पुस्तक उलटं करून ठेवलं. मग माझ्या बायकोचं विचारलं, "सूनबाई दहावी आहे काय?"

"बी.ए. आहे."

"सायन्स नसंल पन."

"नाही."

"मंग तिले पाठवजो. सांजच्याला मी मोकळाच असतो."

मी आयुष्यभर समोरच्याची गरज ओळखून भाव केले आहेत. मी खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "अकरावीचं किती दिवसाचं आहे?"

"लय लंबं आहे," सर म्हणाले आणि घाईघाईनं चहा ठेवायला आत गेले.