लिमयेबाई आणि जिन्यातला राउटर

‘जपून ठेवलंय’ असं लिमयेबाईंसमोर कुणी म्हणू नये. ‘परत काढून पाहिलंत?’ हा प्रश्न लगेच येतो. माझी बायको लोणच्याच्या बरणीबद्दल बोलत होती, तरी तिला माळ्यावर चढून बरणी काढून दाखवावी लागली.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या लिमयेबाई स्वारगेटजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहतात. ब्रॉडबँड नवीन आलं तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच कनेक्शन घेतलं. ते घरोघर वाटणारा राउटर जिन्यातल्या पेटीत बसवला आणि पेटीची किल्ली बाईंनी कुणी न मागता ताब्यात घेतली. पेटीवर पाटी लागली: ‘आतील दिवे लुकलुकतात. ते तसेच लुकलुकायचे असतात. बेल वाजवू नये.’

हा राउटर म्हणजे लिनक्सवर चालणारा इवलासा कॉम्प्युटरच. त्याच्या सेटिंगच्या फोल्डरचा बॅकअप बाई दर आठवड्याला घरच्या कॉम्प्युटरवर घेत आणि तो एका जुन्या राउटरवर चढवून पाहत. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. ‘आमच्या कंपनीतसुद्धा एवढं कुणी करत नाही,’ असं मी एकदा बोलून गेलो.

‘म्हणूनच तुम्ही रविवारीही ऑफिसात असता,’ बाई म्हणाल्या.

एका गुरुवारी मी अंगात ताप म्हणून घरी होतो. सकाळीच बाई दारात. ‘आपण कॉम्प्युटरवाले ना? या जरा.’

ताजा बॅकअप चढवूनही जुना राउटर कोराच राहिला होता. ना घरांची नावं, ना पासवर्ड. आम्ही बॅकअप उघडला. फाइलींची नावं सगळी होती, पण आत काही नाही. राउटरवर नुकतंच नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. ते खऱ्या फाइली तात्पुरत्या मेमरीत ठेवत होतं आणि फोल्डरमध्ये त्यांच्याकडे बोट दाखवणारे नुसते दुवे. बॅकअपने इमानेइतबारे ते दुवेच गोळा केले होते.

‘म्हणजे मी नुसते पत्ते जपले,’ बाई म्हणाल्या. ‘माणसं राहिली जिन्यात.’

आणि वीज गेली की ती माणसं पुसली जाणार होती. तेवढ्यात जिन्यातून वायरमनचा आवाज आला, ‘मेन स्विच बदलायचा हाय. लाइन बंद करतो!’

साठी उलटलेल्या बाई अशा धावल्या, की माझा ताप उतरला. मी पोचलो तर त्या बोर्डासमोर हात पसरून उभ्या. गलका ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे शेखचाचा खाली आले. त्यांचा मुलगा परदेशी, आणि त्या संध्याकाळी नात पहिल्यांदाच कॅमेऱ्यावर दिसणार होती.

‘अहो बाई, इन्व्हर्टरला जोडा ना राउटर!’

‘जोडायला आधी पिन काढावी लागते, शेखसाहेब.’

‘किती येळ?’ वायरमनने विचारलं.

‘एक चहा होईल इतका.’

‘चहा कुठाय?’

शेखचाचा मुकाट्याने वर चहा सांगायला गेले.

मी बाईंच्या कॉम्प्युटरवर परत बसलो आणि बॅकअपच्या आज्ञेत ‘दुव्यांमागच्या खऱ्या फाइली घे’ असं सांगितलं. अर्ध्यावरच अडकलं. ‘जागा संपली!’ मी आतून ओरडलो. बाईंनी बोर्डापासून न हलता विचारलं, ‘ठेवताय कुठे?’ मी बॅकअप राउटरच्या त्याच चिमुकल्या मेमरीत ठेवत होतो. ‘सरळ माझ्या कॉम्प्युटरवर पाठवा!’ तसं केलं. मग बाईंनी आत येऊन तो जुन्या राउटरवर चढवला. जोशी, पवार, शेख, सगळे हजर झाले. तेव्हा कुठे त्या वायरमनला म्हणाल्या, ‘आता खुशाल करा बंद.’

दुपारी वीज आली. जिन्यातला राउटर कोराच जागा झाला, आणि बॅकअप चढवताच सुरळीत चालू लागला.

संध्याकाळी शेखचाचांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. बाई कधी कुणाकडे फारशा जात नसत. ‘लाइन तपासून निघते,’ म्हणत उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. पडद्यावर तीन वर्षांची चिमुरडी आली. दोन वेण्या, एक रिबन सुटलेली. बाईंकडे बोट दाखवून तिने विचारलं, ‘ये भी दादी है?’

बाईंनी उंबरा ओलांडला. मग पुढे येऊन म्हणाल्या, ‘हात हलव बघू. चित्र अडकतंय का पाहते.’

तिने हात हलवला.

‘आता दुसरा.’

तिने दुसराही हलवला आणि खिदळली.

‘झालं का बाई तपासून?’ चाचींनी विचारलं.

‘नाही. अजून थोडं बघावं लागेल.’

चित्र अगदी स्वच्छ होतं. शेखचाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची बाजूला सरकवून बाईंना पडद्यासमोर जागा करून दिली.