आठ चाळीसला उठणारे बापू

नवरात्र बसल्यापासून मार्गशीर्ष संपेपर्यंत आमच्या रत्नागिरीत जेवढे म्हणून कार्यक्रम होतात, ते सगळे बापू सुर्व्यांनी पाहिलेले असतात. आणि त्यातल्या एकाचाही शेवट त्यांनी पाहिलेला नसतो.

नाटक असो, गाणं असो, कीर्तन असो. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली की बापू उठणार. नायिकेच्या ओठांशी विषाचा पेला आहे, गवयाची तान अर्ध्यावर लटकते आहे, बुवांनी द्रौपदीला ऐन दरबारात उभं केलं आहे. बापूंना त्याचं काही नाही. मनगट डोळ्यांजवळ न्यायचं, "सुटलो!" असं शेजारच्याच्या कानात पुटपुटायचं, आणि कमरेत वाकून, रांगेतल्या एकूण एक पायांवर पाय देत बाहेर पडायचं. "मग कडेची खुर्ची का हो धरत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कडेला बसतो तो उतारू. मी प्रवासी आहे."

बापू एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण डेपो त्यांनी सोडला तो कागदोपत्री. पाऊस परतला, भातं कापून झाली आणि शहरात मांडव पडू लागले, की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेलं वेळापत्रक यायचं. मी ते पाहिलं आहे. "शनिवार. ५.३० रांगोळी प्रदर्शन, थांबा दहा मिनिटे. ५.५० खाद्यमहोत्सव, घावन, थांबा पंधरा मिनिटे. ६.३० नाट्यगृह. ८.४० सु." सु. म्हणजे सुटणे. कोजागिरीला चंद्र दुधात पडायच्या आत ते रस्त्याला लागलेले असत. दिवाळी पहाट तरी सकाळची, तिथे शेवटपर्यंत बसतील असं मला वाटलं होतं. तिथून साडेसातलाच उठले. म्हणाले, "सकाळची फेरी वेगळी."

आणि वेळेची शिस्त फक्त स्वतःपुरती नाही. सहाचा कार्यक्रम सहाला सुरू झाला नाही, म्हणजे नेहमीच, की सहा वाजून एका मिनिटाला बापू जागेवर उभे राहत. खाकरत. आणि माईक नसताना मागच्या भिंतीला आदळेल अशा आवाजात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी! सहाचा कार्यक्रम अद्याप फलाटावर लागलेला नाही. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!" लोक टाळ्या वाजवत. आयोजक पळत येऊन, "बापू, बसा हो, पाया पडतो," म्हणत. एकदा तर पाहुणेच त्यांच्या मागे येऊन उभे होते. बापूंनी वळून पाहिलं आणि त्याच आवाजात जाहीर केलं, "गाडी लागली आहे!"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणूस जिथून सुटला ते ठिकाण राहायचं. मी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला लांज्याहून आले, म्हणून मी 'लांजा वहिनी'. आमच्या मजल्यावरच्या जोशीणबाई माहेरच्या खेडच्या, त्या 'खेड'. नुसत्याच खेड. त्यांना ते आवडत नसे, यात मला थोडा आनंद होता हे कबूल करते.

मी इथे आले तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. वय लहान, अक्कल यायची होती. त्यातून मला नाटकातलं फार कळतं असा समज. हा समज जुना आहे. विसाव्या वर्षी गावच्या नाटकाला मी शेवटचा अंक सुरू व्हायच्या आधीच पदर डोळ्यांना लावायची, म्हणजे शेजारणींना कळावं, हिला कलेची जाण आहे. एकदा विनोदी नाटक निघालं, तरी रडले. अशी ती बाई रत्नागिरीच्या नाट्यगृहात बापूंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दुधाच्या दुकानासमोर बापूंनी तिला गाठलं.

"लांजा वहिनी, काल पुढे काय झालं?"

"पुढे म्हणजे?"

"शेवट हो, शेवट! मी सुटलो तेव्हा ती ट्रंक उघडत होती."

मी सांगितलं. ट्रंकेत काही नव्हतं, बाई वेडी झाली, दिवे गेले. बापूंचा चेहरा पडला. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि "बरं," म्हणून निघून गेले. तेव्हापासून रोज सकाळी तेच. शेवट मिळाला नाही तर माणूस कासावीस. मला एकदा सर्दी झाली आणि मी दोन दिवस खाली उतरले नाही, तर इमारतीखालून हाक, "लांजा! शेवट!" सूनबाई म्हणाली, "आई, कोणाचा शेवट विचारतायत ते?"

आता आमच्या नाट्यगृहात होणाऱ्या स्पर्धेच्या नाटकांचं असं असतं, की शेवटी कुणीतरी मरतं, नाहीतर दिवे जातात. दिवे गेले म्हणजे समजायचं, कुणाला मारावं हे लेखकाला सुचलेलं नाही. दोन भावांच्या भांडणाचं एक नाटक होतं, सामाईक विहिरीवरून. तिसऱ्या अंकात मला झोप लागली. लागली म्हणजे काय, टाळ्यांनी जागी झाले. सकाळी बापू समोर. नाटकातलं कळणारी बाई झोपली होती हे सांगणार कसं? तोंडाला येईल ते बोलले, "धाकट्यानं विहीर थोरल्याला देऊन टाकली. आणि थोरल्यानं तिच्यावर रहाट बसवून पहिला हंडा धाकट्याच्या दारात नेऊन ठेवला."

बापू उजळले. "व्वा!" म्हणाले. "हा घरी न्यावा असा शेवट!" आणि ओठांतल्या ओठांत तो शेवट घोकत, भराभरा चालत गेले.

मला वाटलं, एवढंच लागतं होय? मग काय विचारता. त्या हंगामात मी कुणाला मरू दिलं नाही. तुरुंगातला माणूस सुटला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं खानावळ काढली आणि नवरा तिथे भांडी घासायला लागला. ज्या प्रायोगिक नाटकात एक दोरी आणि एक खुर्ची याखेरीज काही नव्हतं, त्यात मी शेवटी त्या दोरीचा झोपाळा केला आणि खुर्चीवर नातवंड बसवलं. बापू म्हणत, "नवीन मुलं चांगलं लिहायला लागली हो!" आणि मी तोंड वळवून हसून घेत असे. म्हाताऱ्या माणसाला बनवण्यात मजा वाटत होती मला. मी स्वतः काय होते, ते सोडा.

मग ते बंदरावरच्या म्हाताऱ्याचं नाटक झालं. मुंबईला गेलेल्या मुलाची वाट पाहत म्हातारा रोज धक्क्यावर जाऊन बसतो. बापू सुटले, मी शेवट पाहिला, आणि सकाळी सांगितलं, "मुलगा आला. हातात काही नाही, नुसता आला. म्हाताऱ्यानं आधी त्याच्या वाढलेल्या केसांवरून त्याला झापलं, मग दोघांनी बसून आंबोळ्या खाल्ल्या."

"किती खाल्ल्या?" बापूंनी विचारलं.

"मुलानं सहा."

बापू हसत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दुकानासमोर उभे असताना जोशीणबाई आल्या. "काय नाटक हो परवाचं! माझे दोन रुमाल भिजले. मेला ना बिचारा त्या धक्क्यावर!"

"मेला?" बापू म्हणाले.

"मेला म्हणजे? पोरगा कुठे आला शेवटपर्यंत?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, पिशवी उचलली आणि गेले. पुढचे तीन दिवस दुधाला आले नाहीत. शनिवारी नाट्यगृहात त्यांची खुर्ची रिकामी. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला, आणि कुणी कसली नोंद घेतली नाही.

चौथ्या दिवशी मी नारळाच्या वड्या डब्यात भरल्या आणि पत्ता विचारत मारुती मंदिरामागच्या गल्लीत गेले. इतक्या दिवसांत बापूंच्या घरी कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. स्वतःच्या गोष्टी रंगवण्यात एवढी गुंग होते, की ऐकणारा त्या कुठे नेतो याचं कुतूहलच नव्हतं.

दार उघडंच होतं. खिडकीशी पलंग, पलंगावर उशांना टेकून बसलेल्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या दोन बारीक वेण्या. चष्म्यातून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लांजा ना? या, बसा. हे औषधं आणायला गेलेत."

नलूवहिनी. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून या पलंगावर. त्यांच्याकडची बाई संध्याकाळी पाचला येते आणि नऊला जाते. नाट्यगृहापासून घरापर्यंत बापूंच्या पावलांनी वीस मिनिटं. हिशोब माझ्यासमोर आपोआप मांडला गेला आणि मी डबा हातात धरून उभीच राहिले.

"वहिनी," मी म्हटलं, "यांचा काही दोष नाही. शेवट मी बनवून सांगत होते."

"कुठले कुठले?" त्यांनी विचारलं. डोळे असे, की शाळेतली मुलगी वाटावी.

मी सगळे एकेक करून सांगितले. प्रत्येकाला त्या मान हलवत होत्या.

"रहाटाचा पण तुमचाच? तरी म्हटलं! स्पर्धेतले भाऊ शेवटी एकमेकांशी बोलतात होय कधी?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, पडायच्या आधी एक नाटक चुकवलेलं नाही मी. पण तुमच्याआधी हे एका बँकेतल्या गृहस्थांना विचारायचे. तो माणूस खरं सांगायचा. मग हे घरी आले की चपला काढायलाच पाव तास. शेवट काय झाला म्हटलं, की 'चांगला झाला.' एवढंच. मेलेलं माणूस यांना घरात आणवतच नाही हो, नाटकातलं असलं तरी." एक वडी उचलून त्यांनी चाखली. "तो मुलगा आल्याचा शेवट मला दोनदा सांगितला त्यांनी. सहा आंबोळ्यांसकट. आमचा विनय बेंगळुरूला असतो. दिवाळीला येतो म्हणाला होता." आणि लगेच, "साखर जरा कमी पडलीय बघा वडीत."

तेवढ्यात बापू आले. मला पाहून दारातच थांबले.

"तुम्हाला कळलंच असेल," ते नलूवहिनींकडे न बघता मला म्हणाले. "मी हिला खोटं सांगितलं. एवढी वर्षं फलाटावर उभा राहिलो, न सुटणारी गाडी सुटली म्हणून कधी ओरडलो नाही. आता कुठल्या तोंडानं हिला काही सांगू?"

"अगं बाई!" नलूवहिनी म्हणाल्या. "आणि लग्नाच्या बोलणीत उंची पाच फूट सहा सांगितली होती, ती?"

बापूंनी औषधांची पिशवी खुंटीला अडकवली. मी डब्याचं झाकण लावण्यात फार वेळ घालवला.

"पाच फूट पाच आहे मी," शेवटी म्हणाले.

"चपला घालून."

पुढच्या शनिवारी स्पर्धेचं शेवटचं नाटक होतं. मी म्हटलं, "बापू, नऊनंतर मी बसते वहिनींजवळ. तुम्ही पडदा पडेपर्यंत बघा आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेला शेवट घेऊन या." बापू नको नको म्हणाले. वहिनींनी फर्मान काढलं, "जायचं. आणि अर्धवट येऊ नका."

शनिवारी पाचलाच इस्त्रीचा सदरा घालून बापू निघाले. मी साडेआठलाच जाऊन बसले. बाई नऊला गेली. वहिनी आणि मी गप्पा मारत होतो, पण दोघींचं लक्ष घड्याळाकडे. आता पडदा पडेल, आता उठतील. त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी बघतोय माणूस. बसू दे निवांत." नऊ वाजून पाच मिनिटांनी फाटक वाजलं.

"अहो, इतक्यात कसे?" मी दारापर्यंत गेले. "संपलं?"

"नाही." बापू चपला काढून आत आले. धाप लागली होती. "बसलो होतो. पावणेनऊपर्यंत नेटानं बसलो."

"मग?"

"मग लक्षात आलं, पडदा पडल्यावर लोक बाहेर पडतात ते भांडत पडतात. तो असं का वागला, तिनं तसं का केलं. आम्ही दोघं घर येईपर्यंत भांडायचो. कधी कधी फाटकात उभं राहून." पलंगाच्या कडेवर बसत ते म्हणाले, "शेवट बघून मी एकटा त्या रस्त्यानं येऊन काय करू, लांजा वहिनी? भांडू कुणाशी?"

  नलूवहिनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि दरडावून विचारलं, "कुठपर्यंत पाहिलंत?"

"बायको घर सोडून निघालीय. उंबऱ्यात उभी आहे."

"जाणार नाही ती."

"जाणार! पिशवी भरलीय तिनं."

"पिशवी भरतात हो बायका! मी तीनदा भरली होती."

"तीनदा? मला दोनच ठाऊक आहेत!"

मी डबा उचलला, पायांत चपला सरकवल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं. फाटकापर्यंत आले तरी आतून दोघांचे आवाज येत होते.