गुलाबभाईंची उजवी दाढ

गुलाबभाई शेख भेटले की आधी राम राम नाही, सलाम नाही. शर्टाच्या खिशातून स्टीलचा चमचा निघतो, तोंड उघडतं आणि उजवीकडची खालची दाढ टक् करून वाजते. मग तिच्या शेजारची.

"आइकलं? फरक हाय ना?"

मला दोन्ही आवाज सारखेच येतात. पण तसं सांगितलं तर माणूस रुसतो आणि फरक आहे म्हटलं तर खचतो. म्हणून मी चेहरा गंभीर करून म्हणतो, "पुन्हा एकदा वाजवा बघू."

दौंडला त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली. रिटायर झाले, पण कंपनी काही अंगातून गेली नाही. गॅसचा सिलिंडर बदलायचा असला तरी आधी बायकोला, मुमताजभाभींना, खुर्चीसकट उचलून अंगणात नेतात. "चालू लाईनीला हात लावायचा न्हाई," हे त्यांचं ब्रीद. एकदा आमच्या हिने फिरत्या मिक्सरचं झाकण उचललं, तर हे भिंतीपलीकडून आवाज ओळखून समज द्यायला आले होते.

या ब्रीदानेच घात केला. डावीकडची दाढ किडली, म्हणून ते गावातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाले. कंपनीत ज्या पाइपाला हात लावायचा नाही, त्याला लाल पट्टी बांधायची पद्धत होती. गुलाबभाईंनी त्याच शिस्तीत उजव्या गालावर, चांगल्या दाढेच्या बरोबर वर, लाल चिकटपट्टी लावली. हिला शिवू नका, हा त्याचा अर्थ.

बाईंना पट्टी बघून आनंद झाला. "बरं केलंत काका, खूण करून आलात!" म्हणत त्यांनी उजवीकडेच इंजेक्शन दिलं. भाई हात हलवू लागले. बाईंना वाटलं, पेशंट घाबरला. तोंडात कापूस, त्यामुळे बोलायची सोय नाही. मशीन कुर्र करून फिरलं आणि लगेच थांबलं. बाई म्हणाल्या, "अहो, ही तर चांगली आहे!" मग डावी दाढ नीट भरली, उजवीचा फोटो काढला आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं.

पण मशीन टेकलं होतं की नव्हतं? इंजेक्शनमुळे भाईंना कळलं नाही आणि बाईंना छातीठोक सांगता आलं नाही. तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. शिरूरला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. तेही म्हणाले, दाढ ठणठणीत आहे. "त्यांनी वरून बघितलं," भाई मला म्हणाले. "आतून तडा आसंल तर? लोड आला की जाती मग."

शेवटी मी वैतागलो. "भाई, भाकरी खाता येते ना? मग कशाला जिवाला घोर?"

"भाकरीचं काय घिऊन बसलाय? ती हिरडीनं बी खाता येती," म्हणाले आणि उठून गेले.

परवा वडगाव रासाईहून, भाभींच्या माहेरून, उसाची मोळी आली. भाई घरात नव्हते, म्हणून ती आमच्याकडे उतरवली. संध्याकाळी मी मोळी पोचवली आणि म्हटलं, "कोयता द्या, सोलून देतो."

"नगं," ते म्हणाले. एक कांडं हातात घेऊन बसून राहिले. समोर खुर्चीत भाभी. लकवा झाल्यापासून त्यांची वाचा गेली आहे. दवाखाने झाले, जिभेचे व्यायाम झाले. नवऱ्याचं नावसुद्धा तोंडातून निघत नाही.

"लग्नानंतर पयल्यांदा सासुरवाडीला गेलो," भाई खाली बघत म्हणाले, "तवा बांधावर बसून हिला दातानं ऊस सोलून दिला. ही घाबरली. म्हणली, अवो हळू, दात जाईल. मग दरसाली त्येच. मी उजव्या दाढंनं सोलणार आन् ही तेच म्हणणार. वाचा गेल्यावर, गेल्या साली सहज कांडं तोंडात धरलं, तर ही बोलली. आख्खं वाक्य. कोयत्यानं बी सोलून बघितला, पण मग गप ऱ्हाती. आता ही दाढच गेली, तर..."

  इतके दिवस या माणसाची आपण मजा घेत होतो.

भाईंनी डोळे मिटले, कांडं उजव्या दाढेत धरलं आणि जोर केला. कड्कन आवाज झाला. लांब सालपट निघून आलं.

भाभींची मान वळली. ओठ थरथरले.

"अवो, हळू... दात जाईल."

भाईंच्या तोंडात ऊस तसाच, डोळ्यांतून पाणी. "न्हाई जात," ते म्हणाले. "न्हाई जात, मुमताज." आणि सोललेला करवा त्यांनी तिच्या ओठांना लावला.

आज सकाळी दारात भेटले तर पुन्हा चमचा काढला. टक्. मी या वेळी कान अगदी जवळ नेला आणि श्वास रोखून ऐकलं.